सासूबाईंचा होकार

"जावईबापू, मी डोंगरावरून उडी मारणार आहे, असं बँकेचं म्हणणं आहे. दुकान बंद केलं की या."

एवढं बोलून सासूबाईंनी फोन ठेवला. जावई तेव्हा आपल्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर रिकामी फ्रेम बसवत होता. ती त्याने धांदलीत गिऱ्हाइकाच्या कपाळावर बसवली आणि "छान दिसतेय" असंही म्हणून टाकलं.

संध्याकाळी उलगडा झाला. सासूबाईंच्या नावावर बँकेने साहसी खेळांचा विमा उतरवला होता. कड्यावरून दोरीने उतरताना, विमानातून उडी घेताना किंवा समुद्राच्या तळाशी पोहताना त्यांना इजा झाली, तर बँक त्यांच्या पाठीशी भक्कम उभी राहणार होती. त्यापोटी दर महिन्याला त्यांच्या पेन्शनमधून हप्ता कापला जात होता. सासूबाईंनी सत्तरी ओलांडून बरेच दिवस झाले होते. अलीकडच्या काळातलं त्यांचं सगळ्यात मोठं साहस म्हणजे स्टुलावर चढून पंखा पुसणं, आणि त्यावरूनही लेकीने त्यांना झापलं होतं.

"बँकेत फोन केलात?" जावयाने विचारलं.

"केला. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, तुम्ही स्वतः फोनवर होकार दिलाय. आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. मी म्हटलं, ऐकव. तर म्हणे, ते अंतर्गत वापरासाठी असतं. होकार माझा, आणि ऐकायचा त्यांनी!"

जावयाचा बँकेवर काडीचाही विश्वास बसला नाही, आणि त्याला कारण होतं. सासूबाई आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये मुख्य नर्स होत्या. तिथे डॉक्टरने काही सांगितलं की नुसतं 'हो' म्हणायचं नाही, सांगितलेलं पुन्हा बोलून दाखवायचं, असा रिवाज. नाहीतर उजव्या गुडघ्याऐवजी डावा उघडला जायचा. ही सवय सासूबाईंच्या हाडात मुरली होती. "जेवलात का?" विचारलं तर "जेवले." "येणार का?" तर "येणार, सहाला, रिक्षाने." लग्न ठरवताना जावयाच्या वडिलांनी "मग मुलगी दिलीत म्हणायची का?" असं विचारलं होतं. त्यावर सासूबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मुलगी दिली. परत घेणार नाही." इतक्या वर्षांत जावयाने त्यांच्या तोंडून सुटा 'हो' म्हणून ऐकला नव्हता. ही बाई फोनवरच्या अनोळखी पोराला होकार देते? सूर्य पश्चिमेला उगवला असता तर जावयाने आधी ते मान्य केलं असतं.

दादाचं मत मात्र वेगळं होतं. दादा म्हणजे सासूबाईंचा थोरला मुलगा, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मोठा साहेब. दोन खिशांत दोन फोन, आणि दोन्हींवर कायम कुणीतरी ताटकळत असायचं. आईवर त्याचा फार जीव. दर बुधवारी तो दुपारचं जेवण आईकडेच घ्यायचा, कामाचे फोन घेत घेत का होईना. रविवारी त्याने सगळ्यांना आईच्या घरी बोलावलं आणि ऑफिसातली मीटिंग घ्यावी तसा तो उभा राहिला.

"आई, तू हो म्हणाली असशील आणि विसरली असशील. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढच्या महिन्यापासून तुझं खातं मी बघतो. तुला एक साधा, बटणांचा फोन आणू. आणि मला वाटतं, आता एकटं राहणंही पुरे. माझ्याकडे ये."

सासूबाईंनी खिडकीतल्या कुंड्यांकडे पाहिलं, मग आपल्या टेबलाकडे, मग दाराला लावलेल्या स्वतःच्या किल्लीकडे. जावयाला हे पटेना. ज्या बाईने उभं थिएटर चालवलं, तिच्या हातात आता बटणांचा फोन!

"आधी ते रेकॉर्डिंग तर ऐकू या," तो चाचरत म्हणाला.

"भावोजी, बँक खोटं कशाला बोलेल?"

"जाऊ द्या ना, सोडून द्या," जावयाची बायको म्हणाली. "आईला उगीच मनस्ताप."

तेव्हा सासूबाई बोलल्या. "ठरवून टाकू. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज निघाला, तर खातं तुझं, फोन तुझा, मी तुझ्याकडे राहायला येते. नाही निघाला, तर हा विषय माझ्या घरात परत काढायचा नाही. कबूल?"

"हो हो, कबूल," दादा दुसऱ्या फोनकडे बघत म्हणाला.

युद्धाची पहिली तयारी जावयाकडे आली. बँक आपले फोन रेकॉर्ड करते, तर आपणही बँकेचे करायचे, असं सासूबाईंचं साधं गणित होतं. जावयाने त्यांच्या फोनवर रेकॉर्डिंगची सोय करून दिली. ती जरा प्रामाणिक निघाली. फोन जोडला गेला की आतली बाई खणखणीत आवाजात जाहीर करायची, "या संभाषणाची नोंद होत आहे." आणि ही सोय बँकेपुरती ठेवायची कशी, ते जावयाला काही जमलं नाही. त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक फोन नोंदला जाऊ लागला आणि त्याची प्रत जावयाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर येऊन पडू लागली.

परिणाम लगेच दिसले. पेपरवाला एकाएकी 'आपण' म्हणू लागला. शेजारीण फोन करून म्हणाली, "अहो, ऐकलंत का, ती वरच्या मजल्यावरची..." तेवढ्यात नोंदवाली बाई बोलली आणि शेजारीण घाईघाईने म्हणाली, "...फार सज्जन माणसं आहेत हो." दादाची बायको तर फोनवर इतकी गोड बोलू लागली, की सासूबाईंनी तिला ताप आहे का विचारलं.

बँकेशी मात्र गाडी अडली. तिकडची बाई सांगायची, "दर्जा सुधारण्यासाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो." इकडची सांगायची, "या संभाषणाची नोंद होत आहे." मग तिसरा, खराखुरा माणूस दबक्या आवाजात विचारायचा, "मॅडम, आपण रेकॉर्ड करताय का?"

"मी रेकॉर्ड करतेय. तुम्हीही करताय."

"आम्ही करणं वेगळं, मॅडम."

"वेगळं कसं? मला समजावून सांगा. सावकाश सांगा, नोंद होतेय."

यावर तो माणूस फोन दुसऱ्या विभागाकडे द्यायचा. दुसरा तिसऱ्याकडे. मध्ये सतारीची एकच धून वाजत राहायची. सासूबाई फोन टेबलावर ठेवून तेवढ्यात भाजी निवडून घ्यायच्या. आवाज कधी चढला नाही, शब्द कधी वाकडा गेला नाही. पलीकडचे गोंधळायचे, चिडायचे, हात टेकायचे. सासूबाई मात्र शेवटी त्यांचं म्हणणं त्यांनाच परत ऐकवायच्या, "म्हणजे माझा होकार तुमच्याकडे आहे, पण मला मिळणार नाही. बरोबर लिहून घेतलं ना मी?" जावयाला वाटायचं, आपण दुकान विकावं आणि नुसतं इथे बसून ऐकावं.

शेवटी लेखी तक्रार करायची ठरली. जावयाने दुकानात बसून कडक मजकूर लिहिला आणि पुराव्याचं रेकॉर्डिंग जोडायला सासूबाईंना फोनवर विचारलं, "आई, कुठली फाईल जोडू?"

"खालून तिसरी," सासूबाई म्हणाल्या.

जावयाने खालून तिसरी जोडली आणि पाठवून दिली. उत्तर आलं ते सासूबाईंच्या घरी, सगळ्यांसमोर, दादाने मोठ्याने वाचलं.

"महोदया, आपण पाठवलेलं ध्वनिमुद्रण आम्ही काळजीपूर्वक ऐकलं. आपले जावई सांगितलेला पडदा लावत नाहीत आणि शिडी सापडत नसल्याचं कारण देतात, ही तक्रार बँकेच्या कार्यकक्षेत येत नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्यांच्या मातोश्रींनी त्यांच्या बालपणाविषयी दिलेली माहिती गोपनीय ठेवण्यात येईल. बँकेविरुद्धही आपली काही तक्रार असल्यास कृपया कळवावी."

जावयाचा चेहरा पडला. खालून तिसरी म्हणजे सासूबाई आणि त्याची स्वतःची आई यांचं संभाषण होतं! दोन विहिणी तासभर त्याला पिंजत बसल्या होत्या, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने बँकेला पाठवलं होतं.

"भावोजी, तुम्हीसुद्धा!" दादा म्हणाला. "बघ आई, हे असं होतं. सोड आता."

"चूक माझीच," जावई पुटपुटला. नक्कीच त्याची मोजण्यात चूक झाली असणार. सासूबाई समजुतीने म्हणाल्या, "होतं असं कधी कधी," आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. नोंदवाल्या बाईचं बोलणं संपल्यावर पलीकडून एक बाई म्हणाली, "मी बँकेची तक्रार निवारण अधिकारी बोलतेय. लेखी उत्तर आमच्या खालच्या माणसाने दिलं, माफ करा. ते रेकॉर्डिंग अख्ख्या विभागाने ऐकलं. आधी मला सांगा, तो पडदा लागला का?"

"पडदा लागला नाही," सासूबाईंनी फोन स्पीकरवर टाकत सांगितलं.

"आमच्या घरीही तेच आहे. शिडी समोर असते, यांना दिसत नाही." अधिकारी हसल्या. "मग मी सोबतची तक्रार नीट वाचली. या वयात तुम्हाला हा विमा आमच्यापैकी कुणी विकला, हे मलाही ऐकायचंय. घरचे सगळे आहेत? ऐका तर. लावते रेकॉर्डिंग."

दादा खुर्ची ओढून पुढे सरसावला. "लावाच, मॅडम. एकदाची शंका फिटू दे."

खरखर झाली. मग बँकेच्या एका मुलाचा पढवलेला आवाज आला, "नमस्कार मॅडम, आपणच खातेदार बोलताय ना?"

"हो हो, बोला," एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला. तोंडात घास होता.

"मॅडम, आपल्याला साहसी खेळांची आवड आहे?"

"हो हो. लवकर आटपा."

"मॅडम, आपल्याला उंचीची भीती वाटते का?"

"उंचीची कसली भीती? रोजचं काम आहे माझं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये तेराव्या मजल्यावर उभा राहतो मी!"

"वा, मॅडम! मग आपला होकार समजू ना?"

"हो हो हो. ठेवा आता."

जावयाच्या बायकोने उशी तोंडावर दाबली होती आणि उशी गदगदा हलत होती. दादाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्याच्या खिशातले दोन्ही फोन थरथरत होते, पण त्याने एकालाही हात लावला नाही.

"हे गंभीर आहे," अधिकारी बाईंचा आवाज बदलला होता. "आमच्या मुलाची चूक आहेच, त्याला मी बघते. पण खातेदार म्हणून दुसराच कुणी बोलला, तर तोही गुन्हा आहे. बाई, हा आवाज तुम्ही ओळखता का?"

दादाने आईकडे पाहिलं. लिफ्टच्या कंपनीतला मोठा साहेब त्या क्षणी शाळेतून तक्रार आलेल्या पोरासारखा दिसत होता.

सासूबाईंनी घाई केली नाही. "आवाज माझा नाही, हे तुम्हाला ऐकू आलं आणि मलाही ऐकू आलं. तेवढ्यावर विमा रद्द होतो का?"

"होतो."

"विमा रद्द. कापलेले हप्ते परत. माफीचं पत्र माझ्या नावाने. आता तुम्ही म्हणून दाखवा."

अधिकारी बाईंनी निमूटपणे तिन्ही गोष्टी म्हणून दाखवल्या. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखे ग्राहक असते तर बँका सुधारल्या असत्या हो." जावयाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मेहुण्यासमोर ते बरं दिसलं नसतं.

"आई," दादा खाली बघत म्हणाला, "मी घाईत होतो गं. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी विकतोय, हो हो म्हणून कटवावं."

"होतं असं. वय झालं की होतं," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. खात्याचा, फोनचा आणि एकटं राहण्याचा विषय त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

सगळे निघाल्यावर जावई कपबशा आत ठेवायला स्वयंपाकघरात गेला. त्याच्याने राहवेना.

"आई, तुम्हाला कधी कळलं, दादांचा आवाज असणार म्हणून?"

"पहिल्याच दिवशी. हप्ता सुरू व्हायच्या आधी एका बुधवारी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. खाली आले तर हा जेवता जेवता म्हणाला, तुला कुणाचा तरी फालतू फोन होता, कटवला."

"मग तेव्हाच सांगायचंत ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळे काय म्हणाला असता? म्हातारी विसरते ती विसरते, वर पोरावर ढकलते. बँकेच्याच तोंडून येऊ दे म्हटलं." त्यांनी नळ सोडला. "पण बँक कोरडी तक्रार ऐकत नाही हो. पहिल्या ओळीला झोपतात. जावयाची उणीदुणी मात्र माणूस शेवटपर्यंत ऐकतो."

जावयाच्या हातातली बशी हातातच राहिली. "म्हणजे... खालून तिसरी..."

"खालून तिसरी. मी सांगितली तीच तुम्ही जोडलीत. तुमचं काही चुकलं नव्हतं."

बशी ठेवून जावयाने मनातल्या मनात लोटांगण घातलं. हिच्या हाताखाली काम केलेले डॉक्टर किती भाग्यवान! मग त्याला एक गोष्ट हळूच टोचली.

"पण आई, त्यात माझ्याबद्दल जे काही बोललात, ते बँकेसाठी म्हणूनच ना? नाटकच होतं ना ते?"

"ते मात्र सगळं खरं आहे," सासूबाई कप विसळत म्हणाल्या. "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."