पक्क्या रंगाच्या सह्या

मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की यांच्या सह्या प्रदर्शनात जाण्याआधी एकदा आपल्या हातून तपासून घ्याव्या. बस. यात मी कोणाचं काय वाईट चिंतलं, ते अजून मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

'यांच्या सह्या' म्हणजे काय, ते आधी सांगते. आमचे हे, खुशालराव, इथे अमरावतीत कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कारकून आहेत. सुट्टीच्या दिवशी हे मोठ्या माणसांना पत्रं लिहितात. हिरो, हिरोईन, क्रिकेटवाले, गाणारे, कोणीही चालतं. 'आपला नम्र चाहता' असं लिहून आत स्वतःच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट घालतात आणि खाली विनंती करतात, 'कृपया शाईच्या पेनाने सही करावी.' (मला यांनी लग्नाआधी किंवा नंतर एक चिठ्ठी लिहिलेली नाही. मी उत्तराचं पाकीट मागेन अशी भीती वाटत असेल.) पोस्टमन आला की हा माणूस बनियनवर फाटकापर्यंत धावतो. कधी सही केलेला फोटो येतो, कधी नुसती सही, बहुतेक वेळा काहीच येत नाही. जे येतं ते फायलीत जातं. त्या फायलीला आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान आहे.

दिवाळीत माझी नणंद माणिकबाई अकोल्याहून आली. तिनं फाईल चाळली आणि सगळ्यांच्या समोर म्हणाली, "दादा, इतकी मोठी माणसं तुले कायले सह्या करून पाठवतीन? ह्या त्यायच्या ड्रायव्हरनं केल्या असतीन."

सगळे हसले. हेही हसले. पण जेवताना यांनी भाजीवर वरून मीठ मागितलं नाही. लग्नापासून माझ्या हातच्या प्रत्येक भाजीवर मीठ मागणारा माणूस अळणी वांगं चुपचाप गिळतो, म्हणजे आतून किती लागलं असेल, ते मलाच ठाऊक.

त्यानंतर अकोल्यात छंदवाल्यांचं प्रदर्शन ठरलं. कोणी तिकिटं मांडणार, कोणी काड्यापेट्या, आणि यांना सह्यांसाठी एक टेबल मिळालं. अट एकच होती. आधी तज्ज्ञ बाई सह्या पाहणार, खोट्या निघाल्या तर टेबल दुसऱ्याला. आयुष्यात पहिल्यांदा यांच्या नावाची पाटी लागणार होती, आणि तीही माणिकबाईच्या गावात. ती पाटी निघाली असती तर या माणसानं उरलेला जन्म अळणी खाल्लं असतं.

हे धामणगावला लग्नाला गेले तशी मी हात धुऊन फाईल उघडली.

मी चौथी पास आहे. पण साडीत मला आजवर कोणत्याही दुकानदारानं फसवलेलं नाही. तो काहीही बोलो, मी पदराचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासते. रंग उतरला की साडी त्याच्या तोंडावर. रंग पक्का तर माल पक्का. आता साडीवरचा रंग आणि कागदावरची शाई यात असा काय मोठा फरक आहे? (आहे. पण ते पुढे.)

पहिल्यांदा एका हिरोचा चकचकीत फोटो घेतला. ओलं फडकं फिरवलं. सही तसूभर हलली नाही. खरी. तो हिरो मला डोळ्यासमोर नको असतो, तरी मी न्यायानं वागले. मग एका फास्ट बॉलरची सही घेतली, तर तिची अख्खी शेपटी फडक्यावर आली. मी मनात म्हटलं, एवढा जोरात बॉल टाकतो आणि सही इतकी कच्ची? खोटी. मग एका म्हाताऱ्या गायिकेचं पोस्टकार्ड हाती आलं. यांचा त्यावर फार जीव. बाईचा हात आता चालत नाही, तिनं सह्या देणं बंद केलंय. सही वाकडीतिकडी, माझ्यापेक्षा वाईट. मला तेव्हाच संशय आला होता. फडकं लावलं आणि बाईच्या नावाचा निळा ढग झाला. वर फक्त एक वेलांटी राहिली.

मग दुसरी परीक्षा. ही मला बँकेनं शिकवली. मागे मी पैसे काढायला गेले तर तिथली पोरगी म्हणाली, सही जुळत नाही. माझीच सही, मीच समोर उभी, तरी नाही म्हणजे नाही. तेव्हाच मी समजले, की खरी सही दरवेळी हुबेहूब असते. त्या हिरोचे दोन फोटो होते, वेगवेगळ्या वर्षी आलेले. दोन्ही सह्या केसाचाही फरक नाही अशा. डबल खरा. मालिकेतल्या एका सासूच्या मात्र दोन सह्या दोन तऱ्हांच्या. सासवा तशाही मला पटत नाहीत. दोन्ही पुसल्या.

खऱ्या फायलीत ठेवल्या, वरून दोरी बांधली. खोट्या पिशवीत भरल्या. पिशवी अकोल्याला न्यायची, माणिकबाईच्या नाकासमोर धरायची आणि सांगायचं, की खोटं आमच्या घरात टिकत नाही. यांना काही बोलले नाही. तिथेच दाखवायचं होतं.

अकोल्यात तज्ज्ञ म्हणून चारुता मॅडम होत्या, कॉलेजात शिकवणाऱ्या. माणिकबाई खुर्ची ओढून पहिल्या रांगेत. मॅडमनी दोरी सोडली आणि हिरोवर भिंग धरलं.

"ही छापील आहे."

"अशी कशी छापील?" मी म्हटलं.

"भिंगातून पाहा. सगळे ठिपके आहेत." त्यांनी दुसरा फोटो घेतला. "हीसुद्धा. आणि या दोन तर अगदी एकसारख्या. माणसाचा हात दोनदा हुबेहूब सही करूच शकत नाही."

"बँकेत जाऊन सांगा हे," मी म्हटलं. कोणी लक्ष दिलं नाही. हे एकेक पान उलटत होते.

"माझी गायिका कुठं हाये?"

आता माझी वेळ होती. मी पिशवी टेबलावर ठेवली. "खोट्या मी आधीच बाजूले काढल्या. ओल्या फडक्यानं तपासून. जिचा रंग गेला ते खोटी."

यांनी पिशवीत हात घालून गायिकेचं पोस्टकार्ड काढलं. मॅडमनी ते उजेडात तिरपं धरलं, बराच वेळ पाहिलं.

"ही खरी होती."

"होती म्हंजे?"

"ताई, शाई पाण्यानं जाते. छपाई जात नाही. हे पाहा, निबाचा दाब अजून कागदावर आहे. नाव पूर्ण वाचता येतं."

यांनी पोस्टकार्ड हातात घेतलं आणि शर्टाच्या बाहीनं टिपलं. ते केव्हाचं वाळलं होतं. तरी टिपलं.

माणिकबाईचं तोंड उघडायच्या बेतात होतं. मी तिकडे पाहिलं. ते मिटलं.

"मॅडम, यायचं टेबल काढाचं नाई," मी म्हटलं. "चूक माही हाये. यायले मांडू द्या."

मॅडमनी पिशवीतल्या सगळ्या भिंगाखाली घातल्या. सगळ्या खऱ्या. म्हणाल्या, "मांडू देते. पण काय झालं ते लिहून लावावं लागेल. लोकांना फसवायचं नाही."

मी त्यांचाच बॉलपेन घेतला आणि पुठ्ठ्यावर लिहिलं. 'या सह्या खऱ्या आहेत. मी ओल्या फडक्याने पुसल्या. यांचा दोष नाही.' खाली सही केली, जमुना खुशालराव. पुठ्ठा मधोमध उभा केला.

काय सांगू, काड्यापेट्यांकडे कोणी फिरकेना. सगळं प्रदर्शन आमच्या टेबलावर. हे ताठ उभे राहून प्रत्येकाला समजावत होते, "हे पाहा जी, हे खरी होती म्हणूनच पुसल्या गेली." एका वकिलानं तर सासूच्या दोन सह्यांचा फोटो काढून घेतला. पाटी जागची हलली नाही. मीही पदर खोचून बाजूला उभी राहिले. मनात म्हटलं, चला, यांची अब्रू राहिली, आणि माझी सहीही मोठ्या माणसांच्या रांगेत लागली.

तेवढ्यात माणिकबाई उठली. सकाळपासून गप्प बसलेली बाई. गर्दीतून पुढे आली, बोट जिभेला लावून ओलं केलं आणि माझ्या सहीवर जोरात घासलं. बोट उलटसुलट करून पाहिलं. मग सगळ्यांना दाखवलं. कोरं होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमची छापील निघाली. तेवढी काढा टेबलावरून."

सगळ्यात आधी हे हसले.