गुडघ्यात रिव्हर्स

संधिवाताच्या दवाखान्यात नवं सोनोग्राफी यंत्र आलं, तेव्हापासून डॉक्टरीणबाईंचे हात शिवशिवत होते. आजवर सांध्यात सुई घालायची ती चाचपून, अंदाजानं. आता ती आत कुठे चालली आहे, हे चक्क पडद्यावर दिसणार होतं. पहिला मान मिळाला एका निवृत्त ट्रक ड्रायव्हरला. पाणी साचून त्यांचा गुडघा टम्म फुगला होता. आठवडाभर जिना चढता आला नव्हता.

"काका, हे काळं दिसतंय ना, ते साचलेलं पाणी. सुई पांढऱ्या रेघेसारखी तिथवर जाईल."

"जाऊ द्या की. मीपण बघतो."

जागा बधिर झाली, सुई आत गेली. पण रेघ उगवली पडद्याच्या भलत्याच बाजूनं. बाईंनी सुई डावीकडे घेतली, रेघ उजवीकडे पळाली. उजवीकडे घेतली, ती डावीकडे. बाईंना घाम फुटला.

"डॉक्टर, रागावू नका," काका हळूच म्हणाले, "पण तुम्ही आरशात बघून गाडी मागे घेताय."

बाईंनी दुसऱ्या हातातल्या, गुडघ्यावर टेकवलेल्या यंत्राच्या प्रोबकडे पाहिलं आणि जीभ चावली. उत्साहाच्या भरात तो उलटा धरला होता. आता फिरवावा, तर मुश्किलीनं सापडलेली सुई पुन्हा गायब.

"राहू द्या तसाच. चाळीस वर्षं आरशात बघूनच मागे घेतलीय मी. थोडं तुमच्याकडे. बस्स. आता सरळ. येऊ द्या... येऊ द्या..."

काकांचा आवाज इंजिनाच्या घरघरीवर मात करत तयार झालेला. दाराबाहेर नंबर सोडणाऱ्या मावशींनी तो ऐकला आणि पुढच्या पेशंटला आत सोडलं.

"येऊ द्या, येऊ द्या."

मावशींनी आणखी दोघांना सोडलं. मग चौघांना.

"अहो, बाहेर थांबा सगळे," पडद्यावरची नजर न हलवता बाई म्हणाल्या. पण हलतंय कोण? सगळ्यांचे डोळे पडद्याला चिकटले होते.

"रेघ वर चाललीय हो," कोणीतरी कुजबुजलं.

"तुम्ही गप्प बसा, काकांना सांगू द्या," काठीवाल्या आजींनी दटावलं.

"हळू... अजून बोटभर... लागली."

पांढरी रेघ काळ्यात शिरली. सिरिंजमध्ये पिवळसर पाणी भरू लागलं आणि खोलीत टाळ्या पडल्या. थोड्या वेळानं काकांनी गुडघा वाकवून पाहिला. वाकला. बाईंना तर नाचावंसं वाटत होतं.

"पुढचा नंबर कोणाचा?"

"माझा," आजी म्हणाल्या. "पण हे काका थांबणार आहेत ना?"

"आजी, सुई मी घातली."

"घातलीत हो. पण नेली त्यांनीच."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. काकांनी कॉलर नीट केली.

"थांबतो की. पण डॉक्टर, ते सरळ धरणार असाल तर मला जमायचं नाही. सवय आरशाची."

बाईंनी एकवार त्या रांगेकडे पाहिलं, नवे हातमोजे चढवले आणि मुकाट्यानं प्रोब उलटा धरला.