सरासरी उंची चार फूट

मोजण्याच्या बाबतीत आमच्या नगरपालिकेत माझा हात धरणारा कोणी नाही. हे दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून मला स्वतःला सांगावं लागतं.

झालं असं, की आमच्याच मातीत उगवणारं आणि आता जवळजवळ नाहीसं झालेलं एक रोपटं वाचवायला नगरपालिकेला अनुदान मिळालं. बागेच्या एका कोपऱ्यात दोनशे रोपं लावायची, वर्षभर जगवायची आणि किती जगली ते मोजून कळवायचं. शंभरातली साठ जगली तर योजना पुढे चालू, नाहीतर बंद. मोजायला एका वर्षाच्या करारावर एक माणूस घेतला. तो मी. म्हणजे रोपं जगली तर माझी नोकरी जगणार.

नोकरी गेली तर दुसरी तयारच होती, हे त्यातलं खरं संकट. मी ताईकडे राहतो आणि भावजींचं कमोडचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला भांड्यावर बसून दाखवायला एक तरुण, हसतमुख माणूस हवाय, असं भावजी रोज जेवताना माझ्याकडे बघून म्हणायचे. ताई म्हणायची, बसून तर काम आहे. मी आणखी आमटी वाढून घ्यायचो.

मी रुजू झालो तेव्हा माळीकाकांनी रोपं लावून महिना झाला होता. प्रत्येक रोपापाशी त्यांनी नंबराची काठीही रोवली होती. पण मी टेप घेऊन गेलो तर प्रत्येक काठीपाशी दोन-दोन झाडं! एक ताठ, तरतरीत, हिरवंगार. दुसरं खुरटं, जमिनीला चिकटलेलं, सुट्टीच्या दिवशी दुपारी उठलेल्या माणसाच्या केसांसारखं. यातलं अनुदान कोणाला मिळालं असेल हे कळायला शास्त्रज्ञ कशाला हवा? मी माळीकाकांना सांगितलं, हे खुरटं तण उपटून टाका.

माळीकाका तीस वर्षं त्या बागेत आहेत. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्या टेपकडे.

"हेच उपटायचं? नक्की?"

"नक्की."

"बघा हं. तुम्ही मोजणीवाले."

त्यांनी दोन दिवसांत सगळं उपटलं. मग काय विचारता, उरलेली झाडं अशी वाढली की काहींचा शेंडा गाठायला मला स्टूल घ्यावं लागलं. दर शनिवारी मी दोनशे उंच्या घ्यायचो आणि सरासरी काढायचो. आलेख कचेरीच्या भिंतीवर लावला होता. सहा महिन्यांत तो घड्याळाला टेकला. उद्यान विभागाचे आमचे साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवायचे. घड्याळ शेवटी दुसऱ्या भिंतीवर हलवलं.

वर्ष संपत आलं तसा मी अनुदान कार्यालयाला अहवाल पाठवला. दोनशेपैकी दोनशे जिवंत, सरासरी उंची चार. उलट टपाली विचारणा आली, की चार इंच की चार सेंटिमीटर? मी छाती फुगवून कळवलं, फूट.

त्यानंतर त्यांचं एका ओळीचं पत्र आलं: तपासनीस बाई समक्ष येत आहेत.

साहेबांच्या मते हे पत्र म्हणजे पारितोषिकाची पूर्वतयारी होती. त्यांनी पंचवीस खुर्च्या मागवल्या, पुष्पगुच्छ मागवला आणि नवा शर्ट घातला. मीही टेप पुसून घेतला.

तपासनीस बाई आल्या त्या गमबूट घालून. पुष्पगुच्छ त्यांनी खुर्चीवर बसवला आणि थेट कोपऱ्यात गेल्या. तिथे माझं जंगल उभं होतं. त्यांनी एक पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं.

"हे काय आहे?"

"आपलं रोपटं," मी म्हणालो.

"आपलं रोपटं फार तर वीतभर वाढतं."

"आम्ही काळजी चांगली घेतली."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी साडेपाच फुटांचा होतो तो वीतभर झालो. "हे गटाराकडेचं तण आहे," त्या म्हणाल्या. "ते नष्ट करायला आमची वेगळी अनुदान योजना आहे."

साहेब नव्या शर्टाचं बटण फिरवत होते. ते माझ्याकडे वळले आणि मला डोळ्यांसमोर भावजींच्या दुकानाची काच दिसली, काचेआड पांढरंशुभ्र भांडं आणि त्यावर बसून हसणारा मी. तरी मी खरं ते सांगून टाकलं: खुरटी ती सगळी मीच उपटायला लावली.

तेवढ्यात माळीकाका खाकरले.

"बाई, तुम्हाला ती खुरटीच हवीत का? मग मागे या."

आम्ही पंपघराच्या मागे गेलो. वर्षभरात मी तिकडे फिरकलो नव्हतो, कारण तिकडे मोजण्यासारखं काही नव्हतं. तिथे, पंपाच्या पाझरत्या नळाच्या ओलीवर, सरळ ओळींत वीतभर झुडपं उभी होती. एकूण एक पिवळ्या फुलांनी भरलेलं! बाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी दोनदा मोजली. एकशे त्र्याऐंशी.

"तुम्ही लावलीत?" बाईंनी विचारलं.

"जिवंत झाड फेकवत नाही हो," माळीकाका म्हणाले. "ह्यांनी उपटा म्हटलं, उपटलं. कुठे टाका ते नाही सांगितलं."

"वर्षभर मला का नाही बोललात, काका?" माझा आवाज चिरकला.

"विचारलंत कधी? शनिवार आला की तुम्ही स्टुलावर."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारलीही. मातीचे हात त्यांनी माझ्या पाठीवर पुसले. साहेब हळूच विचारू लागले, की जागा बदलली तर चालतं का. बाईंनी अटींचा कागद काढला, कुंपणाच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बागेच्या हद्दीत, एवढंच लिहिलंय. हद्दीत आहे." मग रकान्यात 'स्थलांतरित' असं लिहून त्यांनी सही केली. माझ्या छातीवरचं पांढरंशुभ्र, पाच वर्षं वॉरंटी असलेलं ओझं उतरलं. साहेबांनी आनंदाच्या भरात पुष्पगुच्छ पंपाला दिला.

पंधरा दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. योजना चालू, माझा करार आणखी एक वर्ष. ताईने ते भावजींना जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. भावजींनी पोळीचा तुकडा जरा जोरात तोडला. खाली एक नवी अट होती, ती मात्र ताईने दोनदा वाचली: रोपांच्या हितासाठी मोजणी सहायकाने त्यांच्यापासून किमान वीस फूट अंतर राखावे.

काही हरकत नाही. दुसऱ्याच दिवशी मी टेप घेऊन वीस फूट मोजले आणि तिथे चुन्याची रेघ मारली. माळीकाकांनी पावलं टाकून पाहिली.

निघाले सोळा फूट.