शेवटच्या डब्याची फुली

आमच्या परतूरच्या शाळेतले खरात सर लग्नाच्या वरातीकडेसुद्धा रेल्वेच्या नजरेने बघतात. पुढचा घोडा, त्यावरचा घामाघूम नवरदेव, बँड, नाचणारी पोरं, यातल्या कशातच त्यांना रस नसतो. सर रस्त्याच्या कडेला छत्री टेकवून उभे राहतात आणि वरातीतली सगळ्यात मागची म्हातारी मांडवात शिरेपर्यंत जागचे हलत नाहीत. ती शिरली की मान डोलावतात, "हं. गाडी पूर्ण आली," म्हणतात आणि मगच पंगतीकडे वळतात. तोवर बुंदी बहुतेक संपलेली असते.

यामागे रेल्वेचा एक साधा नियम आहे. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली असते. ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्टेशनातली माणसं गाडी पूर्ण आली असं धरत नाहीत. न जाणो, दोन डबे सुटून मागेच राहिले असायचे! रेल्वेने हा नियम गाड्यांपुरता केला होता. सरांनी तो अख्ख्या जगाला लावला.

सर तसे गणिताचे. पण स्काऊटचं पथक त्यांच्याकडे आलं आणि गणिताने मान टाकली. आम्ही मुली खरं तर गाईड, पण सरांना तो भेद मान्य नव्हता. "गळ्यात स्कार्फ हाय ना? मंग स्काऊट. जल्दी रांगेत या."

दुसऱ्या शाळांचे स्काऊट गाठी मारायला शिकले, तंबू ठोकायला शिकले. आम्ही इंजिनांचे नंबर वहीत उतरवले, मालगाड्यांचे डबे मोजले, कुणाच्या आजोबांच्या पेटीतली जुनी पुठ्ठ्याची तिकिटं जमवून डिंकाने चिकटवली. शाळेच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीचे दोन रूळ आखलेले असायचे. दोन रुळांत पाच फूट सहा इंच अंतर असतं हे आमच्या डोक्यात बसावं म्हणून सरांनी संघनायक विकासला त्यात आडवा झोपवला. विकास आणि वर एक वीत, असं ते माप निघालं. मग लगेच छडी उगारून सर म्हणाले, "खऱ्या रुळावर कुणी असा आडवा दिसला तर तंगडं मोडीन."

त्या फक्कीच्या रुळांवरून जाताना सगळ्यांनी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, कान द्यायचे आणि मग चालायचं. कवायत इतकी अंगात भिनली की मधल्या सुट्टीत पाणी प्यायला पळणारी पोरंही तिथे आपोआप थबकत. एकदा हेडमास्तरांना तिथे थांबून उजवीकडे-डावीकडे बघताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

सर स्वतः तर फाटक उघडं असलं तरी लुना बंद करून खाली उतरत. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला येत. सर शांतपणे वळून विचारत, "फाटक उघडं हाय म्हून गाडी न्हाई, असं कोन सांगितलं तुला?" शाळेच्या वळणावर भरधाव फटफट्या येत म्हणून त्यांनी कडुनिंबाला पिवळी पाटी ठोकली: सी/फा. म्हणजे रेल्वेच्या हिंदीत 'सीटी, फाटक': फाटक जवळ आलं, शिट्टी वाजवा. ही कुठल्या नव्या पक्षाची पाटी, असं गावातले लोक महिनाभर विचारत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. सहलीला पायी निघालो की मी हमखास मागे पडायची. पाय आखूड आणि वाटेत दिसेल ते बघायची खोड. दुसऱ्या कुणी मला "चल गं गोगलगाय" म्हणून ढकललं असतं. सरांनी एका पुठ्ठ्यावर पिवळी फुली रंगवली आणि दोरीने माझ्या पाठीवर बांधली. "ह्ये बघ, इंजिन कुनीबी होतं. शेवटचा डबा व्हायला भरवशाचं मानूस लागतं. तू आल्याबिगर गाडी आली असं मी म्हननार न्हाई." त्या दिवशी माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू! पथकात सगळ्यात रेंगाळणारी मी, आणि माझ्यासाठी अख्खं पथक थांबायचं.

फुलीचा मान एवढा वाढला की धडधाकट पोरंही मुद्दाम पाय ओढू लागली. तिथेच घोटाळा झाला.

जालन्याचं स्टेशन बघायला सर आम्हाला घेऊन गेले होते. सिग्नल पाहिले, पादचारी पूल पाहिला, पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायची कवायत झाली. परतीची पॅसेंजर लागल्यावर विकासला फोटो काढायची हौस आली. "दे ना गं दोन मिनिटं," म्हणत त्याने पुठ्ठा माझ्या पाठीवरून उतरवून स्वतःच्या पाठीवर बांधला. मी मोकळी झाले ती थेट इंजिनाकडे गेले. त्याचा नंबर वहीत नव्हता.

नंबर लिहून मान वर केली तर गाडी हलली होती. मागे दाराशी सरांना विकासच्या पाठीवरची फुली चढताना दिसली होती आणि ते नेहमीप्रमाणे "गाडी पूर्ण!" म्हणून आत गेले होते.

एका दारातून कुणीतरी हात पुढे केला. "ये पोरी, धर, धर!" धरता आला असता. पण चालत्या गाडीला हात लावायचा नाही हे इतक्यांदा घोकलेलं की माझे पाय पिवळ्या रेषेमागे खिळून राहिले. डबे एकेक करून समोरून गेले. शेवटच्या डब्याची फुली मी शिस्तीत बघितली, गाडी पूर्ण गेली अशी मनात नोंद केली, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या गाडीत मी नाही.

मग मात्र मी भोकाड पसरलं. चहाच्या गाड्यावरचे एक चाचा धावत आले. माझा स्कार्फ बघून त्यांनी स्टेशनातल्या साहेबांना सांगितलं, मला बाकावर बसवलं, बिस्किटाचा पुडा हातात दिला. "रो मत बेटा. तेरे मास्टर आते." मी हलले नाही. जिथे चुकलात तिथेच थांबा, हेही सरांनीच शिकवलेलं.

साहेबांच्या फोनवरून पुढच्या स्टेशनवर निरोप मिळाला आणि सर उतरले. बाकीच्या पोरांना सोबत आलेल्या जाधव बाईंच्या हवाली केलं, सडकेपर्यंत चालत गेले आणि कापसाच्या टेम्पोत बसून उलटे आले. मला ते दिसले तेव्हा समोरच्या फलाटावर होते. केसांत कापूस, शर्ट बाहेर आलेला, एक चप्पल तुटलेली. मध्ये फक्त रूळ होते. माणसं तिथून सर्रास उड्या मारून इकडे येत होती. मी उभी राहिले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "सर!"

सर फलाटाच्या काठापर्यंत आले. एक पाय पुढे टाकला. तो पाय हवेत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाय मागे घेतला, हाताने "थांब" अशी खूण केली आणि पुलाकडे पळाले. सरांचे गुडघे तेव्हाच गेलेले. कठड्याला धरून एकेक पायरी चढणारे सर मला खालून दिसत होते, आणि दर चार पायऱ्यांनी ते वळून मी जागेवर आहे का ते बघत होते.

ते आले आणि माझ्या शेजारी बाकावर मटकन बसले. चाचांनी चहा दिला, तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"घाबरली का गं?"

"न्हाई सर," मी म्हणाले. खोटंच.

"मी लई घाबरलो," सर म्हणाले. "मी पुठ्ठा बघितला गं. लेकरू न्हाई बघितलं."

मोठ्या माणसाला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. काय करावं न कळून मी त्यांना बिस्किट दिलं. त्यांनी ते खाल्लं.

सर आता निवृत्त आहेत आणि मी त्याच शाळेत शिकवते. पोरं सहलीला निघाली की सर अजूनही फाटकापाशी येऊन उभे राहतात. पण फुलीचा पुठ्ठा पुन्हा कुणी पाहिला नाही. प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावून ते नाव विचारतात, आणि नाव ऐकल्याशिवाय हात उचलत नाहीत.

जालन्याहून त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने आम्ही परतूरला आलो. फलाटावर आई उभी होती. कळताच कामावरून तशीच आली होती, पदराला माती. सर उतरले आणि मान खाली घालून म्हणाले, "जयभीम ताई. चूक माझी हाय. पोरीची बिलकुल न्हाई." आईने नुसता हात पुढे केला. जालन्यापासून सरांनी माझं बोट धरून ठेवलं होतं. आईने माझं मनगट पकडलं, तेव्हा कुठे त्यांनी ते सोडलं.