धोंडोशेट कौलवाले थोरल्या सभेंत बोलिले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके अठराशें नव्याण्णव, पिंगलनाम संवत्सरे. विदित व्हावें की, एका राज्यांत धोंडोशेट बेलवलकर म्हणून कौलांचे मोठे कारखानदार होते, आणि राज्याचे मुख्य कारभारी यांनी मनांत आणिलें की हा गृहस्थ पैसेवाला, अबोल, मान डोलावील. मग त्यांस सहा वर्षांकरितां थोरल्या सभेंत नेमिलें. शेट वर्षभर उगेच बसले, आणि सभासद त्यांस 'मौनीशेट' म्हणों लागले, तें त्यांचे जिव्हारीं लागलें. परंतु आपण शिकलेले नाही, बोलावें तरी काय, ऐसें वाटून गिळिलें.

मग कारभारी यांनी कायदा आणिला की खाडीकाठची माती कारखान्यांखेरीज कोणी काढूं नये, आणि कुंभारांनीं तेथून उठावें. शेटजींचा कारखाना सर्वांत मोठा, लाभ त्यांसच अधिक. घरीं शेटजींच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "कुंभारांच्या मातीवर आपलीं कौलें भाजायचीं? मला नाहीं हो गोड लागायचं." शेट सकाळीं सभेंत जाऊन उभे राहिले. पुढील बाक दोन्हीं हातीं धरून म्हणाले, "हा कायदा मला नको."

कारभारी हासोन बोलिले, "शेटजी, घर तर तुमचेंच भरतें!"

"म्हणूनच बोलतों. ज्याचें घर भरतें त्यानेंच हात वर केला, तर न्याय कोणीं करावा?"

मग मागील बाकावरील एक वृद्ध बाई उठोन म्हणाल्या, "मी शेटजींच्या बाजूची." त्यांमागें आणखी उठले, आणि कायदा फेरविचारास परत गेला, तो पुन्हा आलाच नाहीं. कारभारी संतापले, सरकारी इमारतींस शेटजींचीं कौलें घेणें बंद केलें, आणि निरोप धाडिला की माफी मागावी, नाहीं तर आसन सोडावें. शेटजींनीं उत्तर दिलें, "नेमणूक तुमची, जीभ आईची. पांच वर्षें उरलीं आहेत. बसणार, आणि बोलणार."

तैसेंच केलें. कारखान्याची एक भट्टी विझली, तरी शेट दर अधिवेशनीं उभे राहिले, आणि पुढें बाक धरणेंही सुटलें.

एवंच, धोंडोशेट यांस पुन्हा नेमिलें नाहीं. कुंभार खाडीकाठींच आहेत. आणि त्या आसनीं दुसरे शेट बसवितांना कारभारी यांनीं आधीं पुसोन घेतलें, "आपणांस बोलावयाची संवय नाहीं ना?"