नांदेडसाहेब

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी लाल झेंडी दाखवून गाड्या थांबवणारा माणूस रेल्वेतला असू शकतो; पण मग जवळपास रूळ तरी असायला हवेत. लखनौच्या इंदिरा नगरातल्या आमच्या गुरुद्वाऱ्यासमोर ते नाहीत. तरीही आमच्या वरच्या मजल्यावरचे माधवराव, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर, दरवर्षी तिथं झेंडी घेऊन उभे राहतात. त्या दिवशी गुरू अर्जनदेवांचा शहीदी दिवस असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दूध, पाणी आणि गुलाबाचं गार सरबत पाजायचं असतं. त्याला छबील म्हणतात.

बाकीचे सेवेकरी ग्लास पुढे करतात. माधवराव ग्लास पाठीमागे धरतात.

"पहले बताइए, क्यों पिला रहे हैं?"

"गर्मी है, अंकल," असं कुणी म्हटलं की संपलं. मग लाहोर, बादशहा जहांगीर, तापलेला तवा, अंगावर ओतलेली गरम वाळू, आणि एवढ्या यातनांतही शांत राहिलेले गुरू, हे सगळं ऐकल्याशिवाय सुटका नाही. एकदा अमौसीला विमान पकडायला निघालेल्या एका गृहस्थांनी हात जोडले, "फ्लाइट छूट जाएगी!"

"छूटने दीजिए. इतिहास नहीं छूटना चाहिए."

गुरुद्वाऱ्याचे सेक्रेटरी बलबीरसिंगजी मांडवातून ओरडायचे, "नांदेड साहब, पहले पानी, फिर पानीपत!"

नांदेड साहब हे नाव त्यांनीच ठेवलेलं. कारण माधवराव मूळचे नांदेडचे, आणि शीख इतिहास हा आपल्या माहेरचा विषय आहे अशा थाटात बोलायचे. गुरू गोविंदसिंगांनी शेवटचे दिवस कुठं काढले? आमच्या नांदेडला. ग्रंथाला गुरूचं स्थान कुठं मिळालं? आमच्या नांदेडला. बंदा बहादूर पंजाबकडे कुठून निघाला? सांगायलाच नको. गुरू नानकांचा जन्म तेवढा नांदेडला झाला नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी जिन्यात त्यांच्या तावडीत सापडणं वाईट. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे गुरू नानक जयंतीला, माझे यजमान लोळत पडायच्या बेतात दूध घेऊन येत होते.

"कशाची सुट्टी आहे आज?"

"सरकारी," यजमान म्हणाले. पुढचा पाऊण तास दूध जिन्यातच होतं. संध्याकाळी त्याचं पनीर केलं.

एकदा मी त्यांच्या बायकोला, शैलाताईंना, म्हटलं, "केवढं प्रेम हो यांचं शीख लोकांवर!"

शैलाताई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नांदेड नांदेड करतात. पोरीनं सरदार पसंत केला तेव्हा यांचं नांदेड कुठं गेलं होतं?"

त्यांची मेधा चंदीगडला नोकरीला गेली आणि तिथल्या हरप्रीतशी तिनं लग्न ठरवलं. माधवराव लग्नाला गेले नाहीत. शैलाताई एकट्या गाडीत बसून गेल्या आणि एकट्याच परत आल्या. तेव्हापासून मेधाचा फोन आईलाच येतो.

"पूर्वी गुरुद्वाऱ्याची पायरीसुद्धा चढत नव्हते हे," शैलाताई म्हणाल्या. "ही पुस्तकं, हे दिवस, सगळं लग्नानंतरचं. लंगरमध्ये राजा आणि रंक एका पंगतीत बसतात, हे मला रोज ऐकवतात. जिला ऐकवायचं तिला फोन लावायची हिंमत नाही."

त्यानंतर मला माधवरावांच्या व्याख्यानांचा राग येईनासा झाला. कंटाळा मात्र येतच राहिला.

यंदा छबीलच्या दिवशी शैलाताई स्वतः सरबत ढवळायला आल्या, मलाही ओढून आणलं. सारख्या रस्त्याकडे बघत होत्या. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मेधा येतेय. तिघंही. विमानतळावरून सरळ इकडंच यायला सांगितलंय."

"आणि माधवरावांना?"

"सांगितलं नाही. घरी बोलावलं असतं तर खोलीचं दार लावून बसले असते. रस्त्यावरून कुठं पळतील?"

थोड्याच वेळात एक टॅक्सी आली. झेंडी वर गेली, टॅक्सी थांबली. माधवराव ग्लास पाठीमागे धरून खिडकीपाशी वाकले.

"पहले बताइए, क्यों पिला..."

आत पगडीवाला हरप्रीत होता, त्याच्या पलीकडे मेधा. दोघांच्या मधून दोन वेण्यांची एक मुलगी वाकून बघत होती. जसलीन. आजोबांनी तिला फक्त आजीच्या फोनवरच्या फोटोत पाहिलेलं, तेही चोरून.

"मुझे पता है!" जसलीन म्हणाली. शाळेत उत्तर द्यावं तसं तिनं घडाघडा सांगितलं, "गुरुजी को गरम तवे पर बिठाया था. ऊपर से गरम रेत डाली. फिर भी उन्होंने गुस्सा नहीं किया. इसलिए हम सबको ठंडा पिलाते हैं."

माधवरावांनी ग्लास तिच्या हातात दिला. मागे हॉर्न वाजायला लागले. हरप्रीत खाली उतरला आणि पाया पडायला वाकला, तसे माधवरावांनी त्याचे दोन्ही दंड धरले.

"अहो, राहू द्या. रस्ता तापलाय."

बलबीरसिंगजी मांडवातून धावत आले. "क्या हुआ, नांदेड साहब? कौन हैं ये?"

"जावई," माधवराव म्हणाले. बलबीरसिंगजींना कळेना. मग माधवरावांनी हिंदीत सांगितलं, "दामाद हैं हमारे. बेटी है. ये... ये भी हमारी है."

मेधा टॅक्सीला वळसा घालून आली. तिनं वडिलांच्या हातातली झेंडी काढून घेतली आणि त्यांना मांडवाच्या सावलीत नेलं.

शैलाताई डोळे पुसत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तशा त्या एकदम भानावर आल्या.

"तुमच्याकडे बासमती आहे का हो? यांना संशय येईल म्हणून मी काहीच आणून ठेवलं नाही. आणि घरी आज पाच पानं मांडायची आहेत."