दहा दिवस फुकट चक्की

साहेब, तुम्ही ते पुस्तक सासुरवाडी न बघता लिहिलंत आणि आमच्या गळ्यात मारलंत. त्यापायी एका माणसाचं नुकसान झालं. पुस्तकावर तुमचं नाव नाही, नुसता गरुडाचा शिक्का आहे, म्हणून चारचौघांत बोलावं लागतंय. झालं काय ते आधी नीट ऐका.

धुळ्यात आग्रा रोडवर गिरधर पाटलाचं कोयत्या-कुदळींचं दुकान होतं. एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या फाल्गुनात मुंबईहून एका अमेरिकन कंपनीच्या पाच चक्क्या त्याच्याकडे आल्या. लोखंडाच्या, पाटाला आवळायच्या. वरून दाणे टाकायचे, दांडा फिरवायचा, खाली पीठ. सोबत मराठीत छापलेलं नियमांचं पुस्तक. पाचातल्या तीन विकल्या की सबंध खानदेशाची एजन्सी गिरधरची. गिरधरला ती एजन्सी हवी होती, आणि इतकी हवी होती की जेवताना तो पानाशेजारी पुस्तक ठेवायचा.

पुस्तकात लिहिलं होतं, तुमच्यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांच्याकडे आधी जा. वस्तू दहा दिवस फुकट वापरायला द्या, पैशाचं नाव काढू नका. अकराव्या दिवशी एक तर किंमत घ्या, नाहीतर वस्तू होती तशी परत घ्या. हात बसला की गिऱ्हाईक वस्तू सोडत नाही, असा अमेरिकेचा अनुभव आहे.

गिरधरवर विश्वास कुणाचा? फागण्याचा. फागणं त्याची सासुरवाडी.

"माहेरी नका देऊ," बायको भागाबाई म्हणाली.

"का?"

"तुम्ही जावई आहात."

"म्हणूनच तर देतोय!"

भागाबाईने कपाळाला हात लावला आणि भाकरी थापायला घेतली. गिरधर पाचही चक्क्या फागण्यात पाच घरी ठेवून आला.

अकराव्या दिवशी गिरधर फागण्याला गेला. सासरे झुलालआबांच्या घरात चक्की देवघरासमोर पाटावर बसलेली. तिला हळदकुंकू वाहिलेलं, अंगावर हिरवा खण. पिठाचा एक कण कुठे नाही.

"दळून बघितलं का?" गिरधरने सासूला, धुरपदाबाईंना विचारलं.

"जवाईबापूनी वस्तू शे. तिले काय राबाडानं?"

दहा दिवस ती माऊली चक्कीची पूजा करून शेजारच्या जात्यावर दळत होती. गिरधरने कसंबसं हसू आणलं. "बरं आबा, ठेवून घ्या मग. बावीस रुपये फक्त."

झुलालआबांचा चेहरा पडला. "जवाईले पैसा देवाना? गाव काय म्हनी? झुलालनी जवाईसंगे बजार मांडा!"

"मग राहू द्या, पैसे नकोत." किंमत आपण आपल्या गल्ल्यातून भरू, असं त्याने मनात ठरवलं होतं.

"आंडेरना घरनं फुकट?" आबा उठूनच उभे राहिले. "लेक दिधी त्या घरनं आम्ही पानी बी पेत नही!"

म्हणजे विकत घेता येत नाही आणि फुकटही ठेवता येत नाही. उरलेल्या चार घरीही हेच. सगळे आबांचे भाऊबंद, आणि एका घरचा जावई तो गावाचा जावई. त्यातल्या रुपचंदकाकांनी तर तीन वेळा चहा पाजला, चक्कीची दहा तोंडांनी स्तुती केली आणि शेवटी पाया पडून माफी मागितली. वयाने वडील माणूस पाया पडतोय म्हटल्यावर गिरधर पुढे काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी पाचही चक्क्या बैलगाडीने दुकानात परत आल्या. भरून! जावयाची वस्तू रिकामी पाठवायची नाही, ही फागण्याची रीत. आबांच्या चक्कीत गुळाचे खडे कोंबलेले, दुसरीत भुईमुगाच्या शेंगा, तिसरीत लाल मिरच्या. रुपचंदकाकांनी पुरणाच्या मांड्यांच्या घड्या घालून वर दांड्याला नारळ बांधला होता. फाल्गुनातलं धुळ्याचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. गूळ पाझरून दात्यांत उतरला, दांडा हलेना. मिरचीच्या चक्कीत गिरधरने फुंकर मारली आणि पुढचा पाऊण तास तो दुकानाच्या पायरीवर बसून शिंकत होता.

भागाबाई ऊन पाण्याचं घंगाळ घेऊन बसली.

"'होती तशी' परत घ्या म्हणतात!" गिरधर चक्की खरवडत ओरडला. "अमेरिकेला आता हा गूळ कसा समजावू?"

एवढ्यावर भागतंय कुठे? नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाचं कारण त्याच्याच शब्दांत लिहून पाठवा, असाही नियम होता. गिरधर पुन्हा फागण्याला गेला. पाच कागद, पाच अंगठे, मजकूर एकच: माल चांगला आहे. जावई त्याहून चांगला आहे. घेता येत नाही.

कंपनीला संशय आला. आठवड्यात मुंबईहून तपासनीस उतरला. काळी टोपी, हातात चामड्याची पेटी. त्याने चक्कीत नाक घातलं.

"हा कसला वास?"

"सासुरवाडीचा," गिरधर म्हणाला.

"मला त्या गावी घेऊन चला. चक्क्याही घ्या."

फागण्यात आबांच्या ओट्यावर तपासनिसाला बाज टाकून दिली, चहा झाला. आबा त्याला न्याहाळत होते.

"साहेब, लगीन कोठे व्हयनं तुम्हनं?"

"नाशिकला."

"म्हंजे फागणामा तुम्हनं नातंगोतं काही नही?"

"काहीच नाही."

"चुलतमावसं?"

"अहो, नाही म्हटलं ना!"

आबांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. गल्लीकडे तोंड करून ते गरजले, "रुपचंद! परका मानूस शे रे! पैसा लई या!"

पुढचा अर्धा तास फागण्याने दहा दिवसांची हौस फेडून घेतली. बावीसचे सतरा करा म्हणत रुपचंदकाका दोनदा रागावून उठून गेले आणि दोनदा परत आले. तपासनिसाला चोर म्हणून झालं. शेवटी पाचही चक्क्या अठरा-अठराला गेल्या. धुरपदाबाईंनी आता खणाचं नाव काढलं नाही, पदर खोचला आणि तिथल्या तिथे पायलीभर बाजरी दळून काढली. "काय बेस शे वं माय!" म्हणत बाया दांड्यासाठी भांडायला लागल्या.

गिरधरचे डोळे भरून आले. पाच गेल्या! नियमाने तीनच लागत होत्या.

तपासनिसाने पावतीबुक उघडलं आणि विकणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो, हे काय?"

"गिरधरराव, तुमच्या नावावर पाच दिल्या, पाच परत आल्या. हे पाच अंगठे तुम्हीच पाठवलेत. विक्री माझ्या हातून झाली."

"पण गाव माझं! सासुरवाडी माझी!"

"पुस्तकात सासुरवाडी नाही."

परतताना आबांनी गिरधरच्या पाठीवर हात ठेवला. "जवाईबापू, तुम्हना करताच लिधी हां. तुम्हनी कंपनीनं नाव राहिनं!"

गिरधरने दात आवळले आणि वाकून नमस्कार केला.

कंपनीच्या नोकराला एजन्सी घेता येत नाही. म्हणून ती नाशिकच्या एका गृहस्थाला मिळाली. तो तपासनिसाच्या बायकोचा सख्खा भाऊ. चैत्रात त्याने आग्रा रोडवर, गिरधरच्या बरोब्बर समोर, दुकान मांडलं. फागण्याची माणसं बाजाराला आली की त्याच्याकडे घासाघीस करून चक्क्या घेतात, आणि चक्की खांद्यावर टाकून जावयाकडे चहाला येतात.

तर साहेब, गिरधरने तीन पत्रं घातली, तिन्हींना तुमचा छापील आभाराचा कागद आला. हे चौथं आम्ही, त्याच्या शेजारचे दुकानदार, घालतोय. तुमच्या पुस्तकात जावयाला जागा नाही, मग मेहुण्याला कुठल्या पानावर आहे? पान नंबर कळवा. आणि त्या पाच चक्क्या कुणामुळे विकल्या गेल्या, तेही तुमच्या हाताने लिहा. आभार नकोत. उत्तर द्या.